कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या लेकीसाठी न्यूरोफीडबॅक: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमची लेक सहा वर्षांची. गरोदरपणातल्या सीएमव्ही या विषाणूच्या संसर्गामुळे जन्मापासूनच तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, पुढे फिट्सही सुरू झाल्या. उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशनने आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. त्याचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, कानावर असतो आणि त्याला जोडलेली कॉइल डोक्याला चिकटते. एव्हीटी (ऐकून बोलायला शिकवणारी थेरपी), फिजिओ, फिट्सचं औषध, सगळं चालू आहे. पण एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. एव्हीटीचा निम्मा वेळ तिला पुन्हा खुर्चीत बसवण्यात जायचा. म्हणून न्यूरोलॉजिस्टना विचारून पावसाळ्याआधी न्यूरोफीडबॅक सुरू केलं. अशा मुलांच्या पालकांना जाहिराती भरपूर दिसतात, कामाची माहिती मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

यात मेंदूला काहीच दिलं जात नाही. डोक्याला ईईजीचे सेन्सर लावतात, त्यावरून मेंदूच्या लहरी मोजतात आणि हव्या त्या लहरी वाढल्या की पडद्यावर बक्षीस मिळतं. आमच्या मुलीसाठी माथ्यावर सेन्सर आणि १२ ते १५ हर्ट्झच्या लहरी ठरल्या. त्या वाढल्या की गाडी पळते, नाहीतर थांबते.

पहिल्या केंद्रात प्रोसेसर कानावर तसाच ठेवून सेशन घ्यायचे. ही पंख्याकडे बघत बसलेली आणि गाडी सुसाट! मला शंका आली. मी तिची कॉइल काढली, तर पडद्यावरची लहरींची जाड, काळी झालेली रेघ लगेच बारीक झाली आणि गाडी थांबली. कॉइल रेडिओ लहरींनी आतल्या भागाला संदेश पाठवते, आतले इलेक्ट्रोड नसेला विजेचे ठोके देतात, आणि ते सगळं ईईजीत मिसळतं. म्हणजे बक्षीस मशीनला मिळत होतं, मुलीला नाही. तिथे उत्तर मिळालं, 'मुलं हलली की होतंच असं.' आम्ही ते केंद्र सोडलं.

दुसरीकडच्या सायकॉलॉजिस्ट ताईंनी आधी आमच्या ऑडिओलॉजिस्टना फोन केला. लेकीला सगळं समजावून सांगेपर्यंत प्रोसेसर चालू, मग कॉइल काढून सेशन. कानाला लावायची क्लिप डाव्या कानाला, इम्प्लांटच्या जागेपासून सेन्सर लांब. खेळात आवाजाचं बक्षीस नाही, कारण त्या वेळी तिला ऐकूच येत नाही. लुकलुकणारी चित्रंही नाहीत, फिट्समुळे. सुरुवातीला आवाज बंद झाला की ती रडायची. मग मी तिच्या समोर बसायला लागले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून. आता ती स्वतःच कॉइल काढते, माझ्या हातात देते आणि खुर्चीत सरळ बसते. सेशन संपला की आधी केसातली जेल पुसायची, मगच प्रोसेसर लावायचा. माइकमध्ये जेल जाता कामा नये.

फरक पडला का? जेवताना पूर्ण वेळ बसते, झोप लवकर लागते. शाळेतल्या बाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, तरी 'हल्ली चित्र पूर्ण रंगवते' असं त्या आपणहून म्हणाल्या. चिडचिडही कमी झाली, पण ते श्रेय मी न्यूरोफीडबॅकला देणार नाही. त्याच सुमारास लेव्हेटिरासेटाम या तिच्या फिट्सच्या औषधाचा डोस कमी झाला होता, आणि त्या औषधाने काही मुलं चिडचिडी होतात. बोलण्यात जी भर पडली ती एव्हीटीची. फिट्सवर काही परिणाम दिसला नाही.

अमेरिकेत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या १४४ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात खरं न्यूरोफीडबॅक मिळालेली मुलं सुधारली, आणि ज्यांना नुसतं तसं भासवलं ती मुलंही जवळपास तेवढीच सुधारली. मुलांना, पालकांना, थेरपिस्टना, कुणालाच कोणता गट ते माहीत नव्हतं. त्यामुळे आमच्या मुलीचं बसणं सुधारलं ते लहरींमुळे, की रोज ठरलेल्या वेळी शांत खोलीत कुणीतरी पूर्ण लक्ष तिच्याकडे दिल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पैसे मात्र बरेच लागतात. त्यासाठी एव्हीटीचा एकही तास कमी करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणखी एक. काही ठिकाणी याच्याच जोडीला डोक्याला सौम्य करंट किंवा चुंबकीय लहरी देणारी मशीन सुचवतात. इम्प्लांट असलेल्या मुलाला ती लावू देऊ नका. आम्हाला विचारलं गेलं तेव्हा सर्जननी साफ नाही सांगितलं.

सध्या महिनाभर सेशन बंद ठेवलेत. पुढचं मॅपिंग (इम्प्लांटची सेटिंग जुळवणं) झालं की शाळेतल्या बाईंना आणि एव्हीटीच्या ताईंना बसण्याबद्दल विचारणार, आणि मगच पुढचे पैसे भरायचे की नाही ते ठरवणार.