सिकलसेलची टेस्ट लग्नाआधी करू की दिवस गेल्यावर?

सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघरी हा प्रश्न आहे पण लग्नाआधीच करून टाकू असं कुणी म्हणत नाही, कारण मुलगी एएस, म्हणजे वाहक, निघाली तर स्थळं यायची बंद होतील ही आईची भीती. भीती खोटी नाहीये. पण वाहकाला सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, तो आजारी नव्हे (दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे आजारी), आणि मुलगाही तितकाच वाहक असू शकतो, मग सुई फक्त पोरीलाच का?

लग्नाआधी केली तर हातात वेळ असतो. आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते, थेंबभर रक्त, सरकारी दवाखान्यात फुकट. ती पॉझिटिव्ह आली तरी एएस की एसएस ते त्यात कळतच नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते, त्यामुळे पहिल्याच रिपोर्टवर प्लीज सोयरीक मोडू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात एसएस बाळाचा धोका 25 टक्के, पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही. जोडीदार एएस नसला तरी थॅलेसेमियाचा (हाही आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) वाहक नाही ना तेही बघा, त्यातूनही बाळाला सिकलसेलचा त्रास होतो.

दिवस गेल्यावर घरचे टेस्टला नाही म्हणत नाहीत, हे खरं. पण आधी बायकोची होते, ती एएस निघाली की नवऱ्याला बोलावतात आणि तो मला काय झालंय म्हणत टाळतो, माझ्या मावसबहिणीचे यातच पाच आठवडे गेले. पोटातल्या बाळाची तपासणी साधारण 11व्या आठवड्यापासून वारेचा बारीक तुकडा काढून होते, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, गर्भपाताचा थोडा धोकाही असतो, आणि बाळ ठेवायचं की नाही हे मोजक्या दिवसांत ठरवायचं. त्या बाईचं काय होत असेल हो.

लग्न झालं असेल तर निदान दिवस जायच्या आधी दोघांनी मिळून करा. जुलै 2023 पासून सरकारच्या सिकलसेल मिशनमध्ये 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे, कदाचित तुमची झालीही असेल, आशाताईंना विचारा, कार्ड शोधा.

माझं मत स्पष्ट आहे, स्थळं बघायच्या आधी करा, मुलाचीसुद्धा. माझा भाऊ एएस आहे, पहिल्याच भेटीत आम्ही सांगून टाकलं. मुलीकडचे उठून गेले नाहीत, आठवड्याभरात तिचाही रिपोर्ट घेऊन आले.