मामलेदारची मिसळ की बबल टी?

ठाणे स्टेशनला उतरल्यावर हाताशी तासभर असेल, तर माझी पावलं तहसील कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीकडेच वळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यम तिखटच मागवावी. रस्सा ओठांना झोंबतो, नाक वाहायला लागतं, तरी आणखी पाव मागवला जातोच!

दुसरीकडे बबल टी, म्हणजे मोत्यांसारखे चघळायचे गोळे घातलेला चहा. ती मूळची तैवानची, १९८० च्या दशकातली. तिच्यातले काळे मोती टॅपिओकाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचेच भाऊबंद. आईलाही ते लगेच आवडले. मात्र मोती ताजे शिजवलेले हवेत, काही तासांत ते कडक होतात. साखर कमी सांगा, नाहीतर चहाची चवच लागत नाही. मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये निवांत बसायला ती छान. पोटात कावळे ओरडत असतील, तर मात्र मिसळच.