जुन्या मॅकसाठी लिनक्सवर नेटबूट: बरेच महिने वापरल्यावर

आमच्या लॅबमधले आयमॅक सगळे जुने इंटेलवाले, टी2 चिप यायच्या आधीचे, आणि ते परत सेट करायचे म्हणजे नेटबूटशिवाय, म्हणजे मॅक नेटवर्कवरून चालू करण्याशिवाय, पर्याय नाही, यूएसबी घेऊन प्रत्येकाकडे कोण फिरणार! 2018 मध्ये मॅकओएस सर्व्हर 5.7.1 मधून ही सर्व्हिसच गेली आणि 2022 मध्ये अख्खं सर्व्हर अ‍ॅप बंद झालं, मग एवढ्यासाठी एक मॅक मिनी जुन्या ओएसवर जिवंत ठेवण्यापेक्षा डेबियन लिनक्सच्या साध्या मशीनवर बीएसडीपाय (मॅकच्या नेटबूटच्या बोलणीला, म्हणजे बीएसडीपीला, उत्तर देणारा प्रोग्राम), टीएफटीपी (छोट्या फाइल पाठवायला) आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बसवलं.

सरळ सांगतो, मूळ सर्व्हरपेक्षा हे बरं वाटलं, कारण काय चाललंय ते दिसतं. तिकडे हिरवा दिवा लागला की आनंद, नाही लागला की नशीब. इकडे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडंप 67 नंबरच्या पोर्टवर लावून ठेवायचा, मॅक चालू करताना एन दाबून धरायचं, की आधी नेहमीची डीएचसीपीची (आयपी मिळवायची) बोलणी दिसतात, मग मॅक इन्फॉर्म नावाचा निरोप पाठवतो, त्यात व्हेंडर क्लास एएपीएलबीएसडीपीसी असतो, सर्व्हर ऑप्शन 43 मधून इमेजची माहिती देतो, मॅक सिलेक्ट करतो आणि बूटर (सुरुवात करून देणारी फाइल) मागायला येतो. मॅकच्या स्क्रीनवरचा पृथ्वीचा गोळा नुसताच लुकलुकत राहिला तर यातली कुठली पायरी अडली ते लगेच कळतं. डीएचसीपी सर्व्हरला हात लावावा लागत नाही हे तर फारच सोयीचं, आयपी तो देतो, बीएसडीपीचं उत्तर आपण देतो. फक्त मॅक दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असतील तर राउटरवर हेल्पर अ‍ॅड्रेस टाकावा लागतो, ब्रॉडकास्ट आपोआप पलीकडे जात नाही.

टीएफटीपीवरून फक्त बूटर आणि कर्नलकॅश (सिस्टमचा गाभा) जातं. फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी नसेल तर टीएफटीपीडी-एचपीए हा टीएफटीपी सर्व्हर ती देतच नाही, त्यामुळे नवीन एनबीआय (नेटबूट इमेजचा) फोल्डर कॉपी केला की आधी परमिशन बघा. मोठी डीएमजी (डिस्क इमेज) एचटीटीपीवरून येते, एनएफएस फाइल शेअरिंगही चालतं पण मला एनजिनएक्स आवडलं, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये रेंज रिक्वेस्टची (फाइलचा तुकडा-तुकडा मागण्याची) रांग पळताना दिसली की मशीन चालू झालं समजायचं, उठून बघायला जायला नको. हे सगळं डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवणार असाल तर होस्ट नेटवर्कच (मशीनचं स्वतःचं नेटवर्क) द्या, कारण टीएफटीपीचं उत्तर भलत्याच पोर्टवरून येतं, शिवाय ब्रॉडकास्टही आतपर्यंत पोचत नाही.

वैताग एकाच गोष्टीचा. मॅकओएसच्या एल कॅपिटन आवृत्तीपासून एसआयपी हे सिस्टमचं संरक्षण आहे, म्हणून चालू मॅकवर एसएसएचने दुरून शिरून ब्लेस कमांडने नेटबूटला लावायचं तर तो नाही म्हणतो, आधी रिकव्हरीत जाऊन सीएसआरयूटिल नेटबूट अ‍ॅडने सर्व्हरचा आयपी घालावा लागतो आणि ते प्रत्येक मशीनवर समोर बसूनच. एन दाबून केलं तर ही भानगड नाही. पण मग रात्री घरून सगळी लॅब रिइमेज करायचं स्वप्न विसरा.

मॅक पूर्ण डिस्कलेस, म्हणजे स्वतःची डिस्क न वापरता, चालवायचा असेल तर शॅडो फाइल (मॅकने केलेले बदल जिथे लिहिले जातात ती) ठेवायला एएफपी शेअर, म्हणजे लिनक्सवर नेटाटॉक, हवं. मी त्या वाटेला गेलोच नाही, मला फक्त इन्स्टॉल करायचं होतं आणि त्याला रॅम डिस्क पुरते.

टी2 किंवा अ‍ॅपल सिलिकॉनवाले मॅक असतील तर यात वेळ घालवू नका, त्यांच्यात नेटबूटच नाही, सर्व्हर कितीही चांगला असला तरी काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी एमडीएम (मशीन दुरून सांभाळायची व्यवस्था) बघा.