स्वतःचा कॉकटेल बार काढावा, की चालत्या बारमध्ये भागीदारी घ्यावी?

चालत्या बारमध्ये परवाना, गिऱ्हाईक, भाडेकरार सगळं तयार असतं. हाताशी भांडवल कमी असलं तरी बारटेंडरला कष्टांच्या बदल्यात हिस्सा मिळू शकतो. मात्र तो नफ्यात की मालकीत, हे करारात लिहून घ्याच. नुसता नफ्यातला हिस्सा नोकरी सुटली की सहसा संपतो, आणि उद्या बार विकला गेला तर हाती काही लागत नाही.

नव्या बारमध्ये मेन्यूपासून संगीतापर्यंत सारं आपल्या मनासारखं. पण परवाना येईपर्यंत भाडं चालूच राहतं. मला मधला मार्ग जास्त पटतो: आधी चालत्या बारमध्ये काम करायचं, मग त्याच जागेत स्वतःचा बार काढायचा. न्यूयॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ या कॉकटेल बारमध्ये काम केलेल्या सॅम रॉस आणि मायकेल मॅकिलरॉय यांनी तिथल्याच जुन्या जागेत २०१३ मध्ये स्वतःचा ‘अटाबॉय’ सुरू केला.