‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ : जुन्या बेसबॉलपटूंच्या तोंडून ऐकलेला बेसबॉल

बेसबॉलपटूच्या नावावर छापलेलं आत्मचरित्र बहुतेक वेळा त्याने स्वतः लिहिलेलं नसतं. वर्तमानपत्राचा माणूस त्याच्यासोबत बसतो, किस्से टिपून घेतो आणि मजकूर आपल्या भाषेत तयार करतो. न्यूयॉर्क जायंट्सचा पिचर, म्हणजे गोलंदाज, क्रिस्टी मॅथ्यूसन याच्या नावाने १९१२ साली आलेलं ‘पिचिंग इन अ पिंच’ जॉन व्हीलर या बातमीदाराने लिहिलं होतं. पुस्तक चांगलं आहे, पण त्यात मॅथ्यूसन किती आणि व्हीलर किती हे वाचकाला कळायला मार्ग नाही. लॉरेन्स रिटर यांचं १९६६ सालचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ ही अडचण बरीचशी दूर करतं. क्रिकेट कळणाऱ्या मराठी वाचकाने बेसबॉलचं एकच पुस्तक घ्यायचं ठरवलं, तर हेच घ्यावं. मात्र ते ओळीने वाचू नये, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी खरी धरू नये.

रिटर न्यूयॉर्क विद्यापीठात अर्थशास्त्र-वित्त शिकवणारे प्राध्यापक. १९६१ मध्ये त्या काळातला गाजलेला खेळाडू टाय कॉब वारला आणि त्याच सुमारास रिटर यांचे वडीलही गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेली पिढी संपत चालली आहे हे लक्षात आल्यावर टेपरेकॉर्डर घेऊन ते एकेका म्हाताऱ्या खेळाडूच्या शोधात निघाले. एकंदर ७५ हजार मैलांचा प्रवास झाला. सॅम क्रॉफर्ड सापडला तो कॅलिफोर्नियातल्या बेवूड पार्क या लहानशा गावात, कपडे धुण्याच्या दुकानात बसलेला. कारकिर्दीत ३०९ ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, मारणारा हा फलंदाज. तो विक्रम आजही अबाधित आहे. पुस्तकात रिटर यांनी स्वतःचे प्रश्न काढून टाकले, बोलण्याचा क्रम लावला आणि प्रत्येक खेळाडूला एक अखंड प्रकरण दिलं. पुस्तकाच्या उत्पन्नातला वाटा त्यांनी या खेळाडूंना दिला, हेही नोंदवायला हवं.

वाचायला बसण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना त्या ठाऊक असतील. एका संघाचे तीन जण आउट झाले की त्याची पाळी संपते. अशा नऊ पाळ्या. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसकडे पळाला की पहिल्या बेसवर आधीपासून उभा असलेल्याला जागा सोडून दुसऱ्या बेसवर पोचावंच लागतं. तो पोचण्याआधी क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला, तर तो आउट. आणि हा तिसरा आउट असेल, तर त्या फटक्यावर आलेली धाव धरली जात नाही. शेवटचं वाक्य कळलं नाही तर या पुस्तकातला सर्वांत गाजलेला प्रसंग डोक्यावरून जातो.

तो प्रसंग २३ सप्टेंबर १९०८ चा, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. नवव्या पाळीचा उत्तरार्ध, १-१ बरोबरी, दोन आउट. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मारला, मॅककॉर्मिक घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, आला, प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच संघाच्या खोलीकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला आणि पंच हँक ओ’डे यांनी मर्कलला बाद दिलं. धाव गेली, सामना बरोबरीत धरला गेला. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ सारखेच राहिले, सामना पुन्हा खेळवला आणि कब्ज ४-२ ने जिंकले. मर्कलला उरलेलं आयुष्य हाच शिक्का घेऊन काढावं लागलं. ओ’डे यांनी निर्णय का दिला, याचं मूळ तीन आठवडे आधीचं आहे. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने हेच अपील याच पंचांकडे केलं होतं आणि ते फेटाळलं गेलं होतं. तेव्हा नियम वहीत होता, पण पाळला जात नव्हता. सामना संपला की गर्दीत सापडू नये म्हणून खेळाडूने पळ काढायचा, हीच रीत होती. पुस्तकात हा प्रसंग खुद्द फटका मारणारा ब्रिडवेल सांगतो. आपण त्या वेळी चक्क बाद झालो असतो तर त्या पोराचे हाल वाचले असते, असं त्याला म्हातारपणीही वाटतं. धावफलकावर हे सापडणार नाही, आणि पुस्तक घ्यायचं ते अशा जागांसाठी.

आता क्रमाविषयी. माझी शिफारस अशी की फ्रेड स्नॉडग्रास, चीफ मेयर्स, हॅरी हूपर आणि जो वुड ही चार प्रकरणं आधी आणि एकापाठोपाठ वाचावीत. चौघेही १९१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या, शेवटच्या सामन्यात मैदानात होते, पहिले दोघे जायंट्सचे आणि नंतरचे दोघे बॉस्टनचे. दुसरा सामना अंधारामुळे बरोबरीत सुटला होता, म्हणून मालिका आठव्या सामन्यापर्यंत लांबली. दहाव्या पाळीत जायंट्स २-१ ने पुढे. बॉस्टनच्या एंगलने उंच मारलेला सोपा झेल स्नॉडग्रासच्या हातून सुटला. लगेच पुढचा फलंदाज हूपर याने मारलेला कितीतरी अवघड फटका त्यानेच पळत जाऊन टिपला, पण तो कोणाच्या ध्यानात राहिला नाही. मग बॉस्टनच्या स्पीकरचा एक सोपा फाउल झेल (रेषेबाहेर उडालेला चेंडू) मर्कल, मेयर्स आणि मॅथ्यूसन यांच्या मध्ये पडला आणि जीवदान मिळालेल्या स्पीकरने बरोबरीची धाव आणली. गार्डनरच्या फटक्यावर सामना गेला. म्हणजे चुका दोन, आणि दुसरी जास्त महागात पडली. तरी वर्तमानपत्रांनी ‘३० हजार डॉलरचा सुटलेला झेल’ म्हणून एकट्या स्नॉडग्रासचं नाव लावलं. विजेत्या आणि पराभूत संघाच्या बक्षिसातला फरक म्हणून तो आकडा. पुढे तो बँकर झाला, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनर्डचा महापौर झाला. १९७४ मध्ये वारला, तेव्हाही न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यात तोच झेल होता. त्याचं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचलं की त्याचा शांत, नेमका स्वर किती कमावलेला आहे ते कळतं.

जो वुडचं प्रकरण गोलंदाजांच्या दुखापतींत रस असणाऱ्यांनी सावकाश वाचावं. १९१२ मध्ये ३४ विजय आणि ५ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लागतो). पुढच्या वसंतात ओल्या गवतावर घसरून चेंडू फेकायच्या हाताचा अंगठा मोडला, आणि पुरता बरा होण्याआधी तो पुन्हा फेकायला लागला. अंगठा दुखरा असला की फेक बदलते आणि ताण खांद्यावर जातो. तेव्हा ना क्ष-किरणांवरून पुनर्वसनाची पद्धत होती, ना दुखापतीत पगाराची हमी. १९१५ मध्येही तो लीगमधल्या सर्वांत किफायतशीर पिचरांत पहिला होता, पण एका सामन्यानंतर पुढच्या सामन्यापर्यंत हात वर होत नसे. अखेर क्लीव्हलंडकडे जाऊन तो आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक, म्हणून खेळला आणि १९२० च्या विजेत्या संघात राहिला. सुरुवातही त्याची विलक्षण आहे. मुलींचा म्हणून फिरणाऱ्या ‘ब्लूमर गर्ल्स’ संघात काही पुरुषही खेळत, त्यातलाच हा एक पोरसवदा.

स्टॅनली कोव्हेलेस्कीचं प्रकरण छोटं आहे, पण पुस्तकातलं सर्वांत जड. पेनसिल्व्हेनियातल्या शमोकिनचा पोलिश मुलगा. बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत, आठवड्याला ७२ तास, तासाला पाच सेंट. दिवसाउजेडी घरी असायचा तो फक्त रविवारी. संध्याकाळी झाडाला टांगलेल्या डब्यावर दगड मारत तो नेम धरायला शिकला. १९२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने तीन सामने पूर्ण टाकून तिन्ही जिंकले, २७ पाळ्यांत फक्त दोन धावा दिल्या. थुंकी लावून चेंडू टाकण्यावर त्याच वर्षी बंदी आली, पण आधीपासून तसा टाकणाऱ्या मोजक्या १७ जणांना सूट मिळाली. त्यात हा होता. त्या मालिकेच्या पाचव्या सामन्यात एकाच फटक्यावर एकट्याने तीन आउट करणारा बिल वॅम्ब्सगान्सही पुस्तकात आहे.

आता खरेपणाचा प्रश्न. पहिलंच प्रकरण रूब मार्क्वर्डचं. बापाचा विरोध, मालगाडीत लपून आयोवापर्यंतचा प्रवास, उपाशी रात्री, मग जायंट्सने मोजलेले ११ हजार डॉलर आणि १९१२ मध्ये सलग १९ विजय. सांगण्याची लकब इतकी रंगतदार की पुस्तक खाली ठेववत नाही. पण नंतरच्या संशोधकांनी त्याचं जन्मवर्षही त्याने सांगितलं त्याहून आधीचं निघतं हे दाखवलं आणि बालपणाच्या कहाणीतले बरेच दुवे कागदपत्रांशी जुळत नाहीत असं सांगितलं. सलग १९ विजय मात्र नोंदीत आहेत. डेव्ही जोन्सची गोष्टही अशीच. संघसोबती जर्मनी शेफरने दुसऱ्या बेसवरून उलट पळून पहिला बेस ‘चोरला’, तेव्हा आपण तिसऱ्या बेसवर होतो, असं तो डेट्रॉइट-क्लीव्हलंड सामन्याबद्दल सांगतो. नोंदीत पक्कं सापडणारं असं उदाहरण ४ ऑगस्ट १९११ चं आहे, आणि तेव्हा शेफर वॉशिंग्टनकडून शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध खेळत होता. पुस्तक यावर तळटीप देत नाही. पन्नास वर्षांनी माणूस दोन सामने एकत्र करतो, तारीख सरकवतो, स्वतःला प्रसंगाच्या जवळ आणतो. काय घडलं याहून त्या लोकांना काय टोचत राहिलं, याबाबत पुस्तक जास्त भरवशाचं आहे.

पडताळणी अवघड नाही. प्रकरण वाचून झालं की अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘सेबर’च्या, चरित्रकोशात त्या खेळाडूचा लेख वाचावा, तो मोफत आहे. आकडे बेसबॉल-रेफरन्सवर बघावेत, जुने सामने रेट्रोशीटवर. क्रम उलटा करू नये. आधी आकडे पाहिले की माणसाचं बोलणं कानावर पडण्याऐवजी आपण त्यात चुका शोधत बसतो.

मोठी उणीव एकच, पण ती खरंच मोठी. हे सगळे गोऱ्यांच्या लीगमधले खेळाडू. कृष्णवर्णीय खेळाडूंना तेव्हा तिथे जागाच नव्हती आणि त्यांच्या वेगळ्या निग्रो लीगमधला एकही आवाज इथे नाही. कॅलिफोर्नियाच्या काहुइला जमातीतला आणि डार्टमथला शिकलेला मेयर्स आहे, पण त्याच्या नावाआधीचं ‘चीफ’ हे संबोधन त्या काळी मूळ अमेरिकन खेळाडूंना सरसकट चिकटवलं जाई. मूकबधिर पिचर ल्यूथर टेलरला ‘डमी’ म्हटलेलंही पुस्तकात आहे. जायंट्सच्या सोबत्यांनी त्याच्यासाठी हाताच्या खुणांची भाषा शिकून घेतली होती, ही हकीकत स्नॉडग्रासच्या प्रकरणात येते. त्या संबोधनामुळे ती चुकवू नका.

आवृत्ती घेताना १९८४ ची वाढीव आवृत्ती किंवा तिच्यावरून छापलेली नंतरची प्रत बघून घ्या. मूळ २२ खेळाडूंत तिथे जॉर्ज गिब्सन, बेब हर्मन, स्पेक्स टोपोर्सर आणि हँक ग्रीनबर्ग असे चार जण वाढले आहेत. ग्रीनबर्गसाठी तरी ती हवीच, ज्यू खेळाडूला स्टँडमधून काय ऐकावं लागे हे त्याच्याकडून कळतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारी पहिल्या आवृत्तीची प्रत संग्राहकासाठी ठीक, वाचकासाठी अपुरी. जुने फोटो भरपूर असल्याने कागदी प्रत बरी, फोनवर ते फार बारीक दिसतात. रिटर यांच्या मूळ टेपमधल्या आवाजांची ध्वनिआवृत्तीही आहे. ती पुस्तकाची जागा घेत नाही, कारण सगळी प्रकरणं तिच्यात नाहीत, पण आधी वाचून मग ऐकली तर संपादनात काय गळलं, कुठे माणूस थांबला, कुठे हसला हे कळतं. त्यासोबत मॅथ्यूसन-व्हीलरचं पुस्तक वाचायचं तर ते आता हक्कमुक्त असून इंटरनेटवर फुकट मिळतं. १९०८ चा हंगाम अवघ्या चार वर्षांनंतर कसा सांगितला गेला ते त्यात आहे, म्हणून ब्रिडवेलच्या प्रकरणाला लागूनच ते उघडावं.