दोरीबरोबर खिसाही कापला

एका चाकवाचे सहा हजार आठशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी तीन आठवडे लपवला होता.

दसरा झाला होता. नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर दिवाळीचं प्रदर्शन लागलं होतं. आकाशकंदील, पैठण्या, लोणची, गुडघेदुखीची तेलं, सगळा नेहमीचा सरंजाम. सौ. साड्यांच्या स्टॉलवर रमली आणि मी कोपऱ्यातल्या ‘ट्रेकिंग साहित्य’ या पाटीखाली जाऊन उभा राहिलो. माझी भटकंती अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज एवढीच. पण कमरेला एक दणकट चाकू असावा ही हौस शाळेपासूनची, आणि पन्नाशीच्या आसपास अशा हौशी डोकं वर काढतात.

स्टॉलवाला तिशीतला, गोड बोलणारा. लाल मखमलीवर चाकू मांडलेले. त्यातला एक त्याने उचलला: साडेआठ इंची पातं, मुठीजवळच्या अर्ध्या धारेला दाते, पाठीवर करवतीसारखे मोठे दाते, पात्यावर लाटांची नक्षी आणि खाली कोरलेला आकडा, ४४०. “ओरिजिनल हंटिंग नाईफ आहे सर. अमेरिकन स्टील. तिकडचे कमांडो हाच वापरतात.” लेबलवर साडेबारा हजार छापलेले, त्यावर लाल पेनाने काट. मग त्याने टांगलेला जाड नायलॉनचा दोर हातात धरून एका ओढीत कापला. पुन्हा कापला. दहा-बारा तुकडे पायाशी पडले. पाण्याची बाटली कापली, गाडीचा जुना सीटबेल्ट कापला. भोवती गर्दी जमली. मी मोबाइल काढून पैसे पाठवले, तेव्हा नाव कुठल्या दुकानाचं न येता एका माणसाचं आलं. ते दिसलं होतं मला. तरी पाठवले.

आता मागे वळून पाहतो तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. त्या अर्ध्या तासात त्याने टोकाकडची साधी धार एकदाही वापरली नाही. प्रत्येक वेळी दोर दात्यांवर आणि ओढ अंगाकडे. फसवणूक सगळी तिथे होती, माझ्या डोळ्यांदेखत.

दाते म्हणजे बनवाबनवी असं माझं म्हणणं नाही. इगतपुरीकडे भात कापायला वापरतात तो वैभव विळा दातेरीच असतो, आणि तो उगाच तसा नसतो. दाता असला की हाताचा सगळा जोर टोकाटोकांवर एकवटतो, टोकं आधी तंतूत रुततात आणि दोन दात्यांमधल्या खोबणीत तंतू अडकून कापला जातो. साधी धार घसरते तिथे दातेरी धार पकडते. म्हणून दोर, पट्टे, पेंढा, पावाचं कडक कवच, टोमॅटोची साल ही दात्यांची कामं. आणि खोबणीतली धार पाटाला किंवा दगडाला थेट लागत नाही, त्यामुळे ती उशिरा बोथटते. बोथटली तरी दाते ओरबाडून का होईना, दोर तोडतातच. हीच ती मेख. कच्च्या, मऊ पोलादाला दाते पाडले तरी तो चाकू स्टॉलवर रुबाबात दोर कापून दाखवतो. पोलाद कसं आहे ते दोर सांगत नाही. ते साधी धार सांगते.

मला ती पुढच्या रविवारी दिंडोरीला मित्राच्या द्राक्षबागेत सांगून गेली. छाटणी उरकत आली होती. बायका सिकेटर घेऊन सपासप काड्या छाटत होत्या आणि मी ऐटीत म्यानातून तो चाकू काढला. टोकाकडच्या धारेने दहा-पंधरा काड्या तासल्या असतील, मग ती काडीवरून नुसती सरकू लागली. उन्हात धरून पाहिलं तर धारेवर चमकणारी रेघ आली होती, म्हणजे धार दुमडली होती. दात्यांनी तासायला गेलो तर काडी गचके खात तुटायची. दाते बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे काप सरळ न जाता एका बाजूला ओढला जातो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! पाठीवरच्या करवतीने वाळका बांबू कापू म्हटलं. अर्ध्या बोटावर पातं अडकून बसलं. सुताराच्या करवतीचा एक दात डावीकडे आणि एक उजवीकडे वाकवलेला असतो, म्हणून तिची खाच पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत खेळती राहते. इथे दाते सरळ आणि पातं खाली जाड होत गेलेलं. अडकणारच. असे दाते अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांच्या चाकूवर होते, कोसळलेल्या विमानाचा पातळ पत्रा कापून बाहेर पडता यावं म्हणून. दिंडोरीच्या बागेत विमान कोसळण्याची वाट बघत बसायला हवं होतं मी.

मित्राच्या बागेतल्या एक मावशी बघत होत्या. म्हणाल्या, “दादा, याला पाणीच पाजलेलं दिसत नाही.” म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक केलेलंच नाही.

सोमवारी कामावरून येताना भद्रकालीत सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे गेलो. त्याने साधी धार लावून दिली, वीस रुपये घेतले आणि दात्यांना हात लावायला नकार दिला. “दगड फिरवला तर दाते उडतील. याला बारीक गोल कानस लागते, एकेक खोबण घासावी लागते. आपल्याकडे कोण करतं ते?” म्हणजे ज्या धारेसाठी जादा पैसे मोजले ती गेली की गेलीच. साधी धार दोन दिवसांत पुन्हा होती तशी झाली.

माझा मेहुणा सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात आहे. त्याला चाकू दिला. त्याने मुठीजवळचा सपाट भाग कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनखाली धरला. हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भाराने रुतवतात आणि तो किती खोल गेला यावरून आकडा येतो. चांगल्या चाकूला सी स्केलवर ५६ ते ६० लागतात. माझा आला ४६. पुन्हा ४७. मग ४५.

“दाजी, एवढे कडक तर आमचे पान्हेही असतात.”

“पण ४४० लिहिलंय ना?”

“४४० च्या पुढे अक्षर कुठाय?” आणि मग त्याने सांगितलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. ४४० या पोलादाचे ए, बी आणि सी असे प्रकार असतात. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२०. नाव गाजलंय ते ४४०सी चं. नुसतं ४४० कोरायला कुणाच्या बापाचं काय जातं? “आणि पोलाद कोणतं ते हे मशीन सांगत नाही. असेलही बरं. पण मग पाणी नीट दिलेलं नाही. तुम्हाला दोन्हीकडून सारखंच.” लाटांची नक्षी त्याने पॉलिश पेपरच्या चार फटकाऱ्यांत उडवली. घडवलेल्या थरांची नव्हतीच ती, वरून उमटवलेली.

राहिला ‘हंटिंग’ हा शब्द. आमच्या नेहमीच्या मटणवाल्या चाचांना चाकू दाखवला तर ते हसायलाच लागले. “दातवाल्या सुरीने कातडं सोलणार? कातडं फाटेल आणि मटणाचा भुसा होईल.” त्यांच्या ओट्यावर एक सत्तूर, दोन साध्या सुऱ्या आणि निसणा. दात एकालाही नाही. कातडं सोलायचं काम म्हणजे साध्या, किंचित गोलसर धारेने अलगद ढकलत नेणं. शिकारीच्या चाकवाला दाते लागलेच तर हाडाजवळचे स्नायुबंध किंवा दोर तोडायला, तेही थोडेसे. मुळात आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद. मग शिकारीच्या चाकवाची कीर्ती खरी की खोटी हे विचारायचं कुणाला? स्टॉलवाल्याला. त्याला हे माझ्याआधी कळलं होतं.

“लायसन वगैरे काही लागत नाही” असंही तो छातीठोकपणे म्हणाला होता. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू, घरकामाचा किंवा शेतीचा नसेल तर, शस्त्र नियमांत मोडतो. माझा अर्ध्या इंचाने वाचला. त्याच मखमलीवर दहा-अकरा इंची चाकूही होते आणि एका कॉलेजच्या पोराने माझ्यासमोर तसला एक घेतला. सणासुदीला शहरात मनाई आदेश असतात, तेव्हा तो पोरगा चाकू कमरेला लावून फिरला तर काय होईल, हा विचार मला नंतर बरेच दिवस छळत होता.

पैशांचं सांगतो. प्रदर्शन उठलं होतं. पावतीवरचा नंबर आधी वाजायचा, मग बंद झाला. पावतीवर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, फक्त ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. हा शिक्का पाहून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पावतीवर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सगळं माझ्या बाजूने होतं. फक्त नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता नव्हता. मैदान भाड्याने घेणाऱ्या आयोजकांना दोनदा भेटलो. त्यांच्या वहीत स्टॉलचा नंबर होता, भाड्याची रक्कम होती, आणि नावापुढे जो मोबाइल होता तो माझ्याकडेही होता.

तेव्हा असल्या स्टॉलवर उभे राहाल तेव्हा खिशातला वर्तमानपत्राचा कागद काढा आणि टोकाकडच्या साध्या धारेने कापून दाखवा म्हणा. मग त्याच धारेने लाकडाचा तुकडा पाचेक मिनिटं तासायला लावा आणि पुन्हा कागद द्या. पूर्ण पात्यालाच दाते असतील तर निदान धार कशी लावायची, कोण लावून देणार, हे विचारा. पक्कं बिल आधी, पैसे नंतर. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का तेही बघा. माझ्या चाकवाची मूठ डिसेंबरात निघाली, आत बोटभर लांबीची सळई होती.

मूठ एमसीलने चिकटवून चाकू आता गॅलरीत आहे. सौ.ला कुंड्यांच्या काथ्याच्या दोऱ्या कापायला लागतो. परवा तिने विचारलं, “केवढ्याला म्हणालात हा?” दोरी एका ओढीत कापली होती त्याने.