ड्रुपलमधली सामायिक टेम्प्लेटं: अकरा पोर्टलांवर नऊ महिने वापरल्यानंतर

पणजी, म्हापसा, फोंडा आणि मडगाव इथे कार्यालयं असलेल्या एका संस्थासमूहाची अकरा पोर्टलं आहेत. सगळी ड्रुपलवर (वेबसाइट चालवायची मुक्त प्रणाली), सगळी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत. मजकुराचे प्रकारही सगळीकडे तेच: परिपत्रक, निविदा, नोकरभरती, शाखेचा पत्ता, सुट्ट्यांची यादी. पूर्वी नवीन पोर्टल म्हणजे जुन्या थीमचं (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचं) फोल्डर उचलून कॉपी करणं. परिपत्रकाच्या यादीत फाइलचा आकार दाखवायचा ठरला की तो बदल अकरा फोल्डरांत हाताने करायचा, आणि त्यातलं एखादं हमखास राहायचं. आता हे सगळं एका बेस थीमवर (सगळ्यांना समान मूळ थीम), एसडीसी कंपोनंटांवर (पानाचे पुन्हा वापरता येणारे तुकडे) आणि रेसिपींवर (तयार सेटिंग्जचे संच) आणलं आहे. त्या नऊ महिन्यांचा हा अनुभव.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. 'पुन्हा वापरता येणारं टेम्प्लेट' म्हणून ड्रुपलमध्ये तीन अगदी निराळ्या वस्तू मिळतात. ट्विग टेम्प्लेट (ट्विग या साचे लिहायच्या भाषेतली फाइल) आणि एसडीसी कंपोनंट मुळाशी कायम जोडलेले असतात. मूळ बदललं की सगळीकडे बदलतं. लेआउट बिल्डरचा (ब्लॉक सरकवून पान मांडायच्या सोयीचा) डीफॉल्ट लेआउटही जोडलेला असतो, पण एखाद्या पानाने स्वतःचा लेआउट घेतला की त्या पानापुरता धागा तुटतो. रेसिपी मात्र एकदाच ओतायची असते, आणि ओतल्यावर तिचा त्या साइटशी काही संबंध उरत नाही. कुठलीही गोष्ट बांधायच्या आधी 'उद्या हा बदल किती ठिकाणी पोचायला हवा?' हे विचारलं तर ती या तिघांपैकी कशात ठेवायची ते लगेच कळतं.

कंपोनंट

सिंगल डिरेक्टरी कंपोनंट, म्हणजे एसडीसी, ड्रुपल 10.1 मध्ये प्रायोगिक म्हणून आले आणि 10.3 पासून गाभ्यात स्थिर आहेत. थीममध्ये किंवा मॉड्यूलमध्ये (ड्रुपलला जोडायच्या पुरवणीत) 'कंपोनंट्स' फोल्डर, त्यात प्रत्येक कंपोनंटचं स्वतःचं फोल्डर. त्या फोल्डरात दोन फाइली लागतातच: माहिती सांगणारी वायएमएल (साध्या मजकुरातली सेटिंग्जची) फाइल आणि ट्विग फाइल. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट त्याच नावाने शेजारी ठेवली की कंपोनंट पानावर येतो तेव्हाच ती लोड होते, लायब्ररी वेगळी जाहीर करावी लागत नाही. फाइलींचं नाव फोल्डरच्या नावाशी जुळायलाच हवं. नवीन कंपोनंट टाकला आणि दिसत नाही, तर आधी कॅशे (वेगासाठी साठवलेली प्रत) साफ करा; कंपोनंटांची यादीसुद्धा कॅशेत असते.

सध्या बेस थीममध्ये 23 कंपोनंट आहेत. सुरुवातीला 40च्या वर होते. 'निविदा कार्ड', 'परिपत्रक कार्ड', 'भरती कार्ड' असे वेगळे केले होते, पण त्यांत फरक फक्त तारखेच्या मथळ्याचा होता. ते एकत्र करून एकच 'नोंद कार्ड' केलं. कंपोनंट मजकुराच्या प्रकारावरून नव्हे, तर आकारावरून पाडावेत.

वायएमएलमध्ये प्रॉप्स आणि स्लॉट्स जाहीर करायचे असतात. ठरावीक प्रकारची छोटी माहिती प्रॉपमधून जाते: शीर्षक, तारीख, दुवा. आत काय येईल ते आधी माहीत नसेल तर स्लॉट. प्रॉप्सची स्कीमा (कुठला प्रॉप कुठल्या प्रकारचा याचे नियम) जेसन स्कीमाच्या पद्धतीने लिहितात, आणि तिथे आपल्याकडच्या माहितीचे काही खास खड्डे आहेत. फोन नंबरचा प्रकार 'इंटिजर' (पूर्णांक) ठेवला तर तो संख्या म्हणून पाठवावा लागतो आणि 0832 मधला पहिला शून्य गळतो. फोन 'स्ट्रिंग'च, म्हणजे मजकूर म्हणूनच, ठेवा. पिनकोडही स्ट्रिंगच, कारण काही शाखा तो '403 001' असा मध्ये जागा सोडून देतात. तालुका 'एनम'मध्ये (ठरावीक किमतींच्या बंद यादीत) कोंबू नका. गोव्यात बाराच नावं आहेत म्हणून मोह होतो, पण तीन भाषांत ती बारा नावं सांभाळणं हे टॅक्सॉनॉमीचं (ड्रुपलमधल्या वर्गीकरणाच्या याद्यांचं) काम आहे, कंपोनंटचं नाही.

स्कीमेबद्दल एक बाब उशिरा ध्यानात येते. मॉड्यूलमधल्या कंपोनंटला स्कीमा सक्तीची असते, थीममधल्याला नसते. थीमच्या इन्फो फाइलमध्ये प्रॉप स्कीमा सक्तीची करणारी एक ओळ टाकता येते. ती पहिल्याच दिवशी टाका. आणि प्रॉप्सची तपासणी पीएचपी भाषेतल्या 'असर्शन'वर (कोडमधल्या चालू-बंद करता येणाऱ्या तपासण्यांवर) चालते. डेव्हलपमेंटच्या मशीनवर असर्शन चालू असतात, म्हणून चुकीचा प्रॉप गेला की पान मोठ्याने कोसळतं. लाइव्ह सर्व्हरवर ती बंद असतात, तिथे तीच चूक गुपचूप रिकामा चौकोन दाखवते. स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर असर्शन चालू ठेवले नाहीत तर स्कीमा लिहिण्याचा अर्धा फायदा वाया जातो.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो एका शब्दाने. ट्विगमध्ये कंपोनंट 'इन्क्लूड' करताना शेवटी 'ओन्ली' लिहिलं नाही, तर बाहेरच्या टेम्प्लेटमधली सगळी व्हेरिएबलं आत झिरपतात. 'टायटल' आणि 'ॲट्रिब्यूट्स' ही नावं ड्रुपलच्या जवळजवळ प्रत्येक टेम्प्लेटमध्ये असतात. मग कार्डाला शीर्षक दिलेलं नसतानाही पानाचं शीर्षक त्यात उमटतं, किंवा बाहेरच्या डिव्हचे क्लास आतल्या डिव्हला लागून सीएसएस विस्कटतं. एका पोर्टलवर हे होतं आणि दुसऱ्यावर होत नाही, कारण बाहेरचं टेम्प्लेट वेगळं असतं. म्हणून हा दोष शोधायला फार अवघड जातो. आता कोड तपासताना पहिली नजर 'ओन्ली' आहे का याच्यावर जाते.

दुसरा चकवा कॅशेचा. नोडच्या (परिपत्रकासारख्या एका मजकूर-नोंदीच्या) टेम्प्लेटमधून 'कंटेंट'च्या आतलं एकच फील्ड, किंवा त्यातली कच्ची किंमत, काढून कंपोनंटला दिली आणि 'कंटेंट' पूर्ण रेंडर झालंच नाही, तर त्या फील्डांबरोबर येणारी कॅशेची माहिती वर पोचत नाही. संपादक परिपत्रकाची फाइल बदलतो, पान मात्र जुनीच फाइल दाखवत राहतं. यावर साधा इलाज असा: 'कंटेंट' टेम्प्लेटमध्ये एकदा पूर्ण रेंडर करून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, पानावर छापायचं नाही. निविदेची मुदतवाढ वेळेवर दिसली नाही तर त्याचा परिणाम थेट लोकांवर होतो, म्हणून ही तपासणी प्रत्येक नोड टेम्प्लेटसाठी सक्तीची ठेवावी.

एखाद्या पोर्टलला कार्डाचा चेहरा वेगळा हवा असेल तर त्या पोर्टलच्या सब-थीममध्ये (बेस थीमवर बेतलेल्या थीममध्ये) तसा कंपोनंट करून वायएमएलमध्ये 'रिप्लेसेस' ही किल्ली लिहायची. हाक बेस थीमच्याच नावाने मारली जाते, ड्रुपल तिथे सब-थीमचा कंपोनंट बसवतं. हे फक्त थीमना करता येतं, आणि दोन्ही स्कीमा जुळायला लागतात. हा नियम पहिल्यांदा जाचक वाटतो, पण अकरा पोर्टलांत शिस्त टिकते ती त्याच्यामुळेच. चेहरा बदला, करार बदलू नका. आजवर फक्त चार ठिकाणी 'रिप्लेसेस'ची गरज पडली. बाकी सगळं सीएसएस व्हेरिएबलांवर भागलं.

देवनागरी

बाहेरून आणलेली तयार कार्डं इंग्रजीवर तपासलेली असतात, ती तशीच वापरू नका. ठरावीक उंचीचं बटण मात्रा आणि रफार कापतं. 'लेटर स्पेसिंग' दिलं की शिरोरेषा तुटते. मजकुराला ओळीची उंची 1.6 ते 1.7 ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत.

लांब शीर्षक ट्विगच्या 'स्लाइस' फिल्टरने कधीच कापू नका. तो अक्षरं मोजत नाही, युनिकोड चिन्हं मोजतो. 'डिचोली'चं 'डिचोल' होतं, आणि 'म्हापसा' नको तिथे तुटला तर नुसता हलन्त 'म्' उरतो. शीर्षक पूर्णच पाठवा आणि सीएसएसच्या 'लाइन क्लॅम्प'ने दोन ओळींवर थांबवा.

फील्डचं लेबल देवनागरीत टाइप केलं की ड्रुपल त्याचं रोमन लिप्यंतर करून मशीन नेम (कोडमध्ये वापरायचं नाव) बनवतं, आणि ते ओबडधोबड असतं. सेव्ह करायच्या आधी ते हाताने सुधारा, कारण नंतर बदलता येत नाही. मर्यादा 32 अक्षरांची आहे आणि नावाच्या सुरुवातीला आपोआप लागणारा 'फील्ड' हा उपसर्ग त्यातच मोजला जातो. टेम्प्लेट सगळीकडे चालायचं तर अकराही पोर्टलांवर मशीन नेम तंतोतंत एकच लागतं.

लेआउट बिल्डर

तो वाईट नाही, पण तीन भाषांच्या पोर्टलावर फार जपून वापरावा. प्रत्येक पानाला स्वतःचा लेआउट घेऊ देणारा पर्याय चालू असेल, तर संपादकाने एक ब्लॉक जरी सरकवून सेव्ह केला तरी ते पान डीफॉल्टपासून सुटतं. पुढे डीफॉल्टमध्ये काहीही सुधारा, त्या पानावर ते पोचणार नाही. शिवाय हा स्वतंत्र लेआउट गाभ्यात भाषेप्रमाणे वेगळा ठेवता येत नाही. आत टाकलेला इनलाइन ब्लॉक (त्याच पानापुरता मजकुराचा तुकडा) इंग्रजीत लिहिला असेल तर मराठी आणि कोकणी पानावरही तोच इंग्रजीत दिसतो. त्यासाठी वेगळी मॉड्यूलं आहेत, पण दर अपग्रेडला त्यांची काळजी घ्यावी लागते.

पर्याय नंतर बंद करू म्हणाल तर तेही सोपं नाही. एक जरी सुटलेलं पान असेल तरी ड्रुपल तो बंद करू देत नाही. आधी प्रत्येक पान 'रिव्हर्ट' करा म्हणतं, आणि रिव्हर्ट केलं की त्या पानावरचे इनलाइन ब्लॉक जातात. म्हणून आधी डेटाबेसमध्ये लेआउट बिल्डरच्या फील्डच्या टेबलातल्या नोंदी मोजा. किती पानं सुटली आहेत ते कळतं, त्यातला मजकूर आधी उतरवून घ्या. सध्या हा पर्याय फक्त मुखपृष्ठ आणि मोहिमेच्या पानांसाठी चालू आहे. परिपत्रक, निविदा आणि भरतीसाठी कायम बंद.

रेसिपी

एका पोर्टलचं कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून दुसऱ्यावर इम्पोर्ट करायचा प्रयत्न बहुतेक जण एकदा तरी करतात. दोन साइटींचे यूयूआयडी (ड्रुपल देतं ते एकमेव ओळख-क्रमांक) जुळत नाहीत म्हणून ड्रुपल तो नाकारतं. यूयूआयडी जुळवून जबरदस्ती केली तर दुसऱ्या साइटचं स्वतःचं कॉन्फिगरेशन पुसलं जातं. ते काम रेसिपीचं आहे. एका फोल्डरात रेसिपीची वायएमएल फाइल, तिच्यात लागणारी मॉड्यूलं, आणि 'कॉन्फिग' उपफोल्डरात कंटेंट टाइप (मजकुराचे प्रकार), फील्डं, व्ह्यू (मजकुराच्या याद्या). एक्स्पोर्ट केलेल्या प्रत्येक फाइलमधून यूयूआयडीची ओळ आणि 'कोअर'चा हॅश असलेला भाग काढून टाकायचा. साइटवर त्याच नावाचं पण वेगळं कॉन्फिगरेशन आधीच असेल तर रेसिपी अडते. अशा जागी पूर्ण फाइल देण्याऐवजी 'नसेल तरच बनव' आणि 'एवढीच किंमत बदल' या कॉन्फिग ॲक्शन वापरा.

याचा फायदा मोठा आहे. परिपत्रक विभाग नव्या पोर्टलवर उभा करायला आधी दोन दिवस जायचे, आता तपासणीसकट दोन-अडीच तास पुरतात. मात्र रेसिपी उलटी फिरवायची सोय नाही. लावण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. आणि रेसिपीची फाइल सहा महिन्यांनी सुधारली तर जुन्या पोर्टलांवर काहीही बदलणार नाही. तिथे अपडेट हुक (अपडेटच्या वेळी एकदा चालणारा कोड) लिहावा लागतो. हे खर्चात धरलेलं नसतं आणि कामाच्या अंदाजात नेहमी विसरलं जातं.

रोजचा कारभार

बेस थीम स्वतंत्र गिट रेपोत (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या जागेत) आहे आणि कंपोजरमधून (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) आवृत्ती क्रमांकाने येते. प्रॉप नवीन आला तर मधला आकडा वाढतो, प्रॉप काढला किंवा नाव बदललं तर पहिला. पोर्टलांच्या कंपोजर फाइलीत पहिला आकडा बांधलेला असतो, म्हणून कुणाचंही पान अचानक मोडत नाही. बदल आधी सर्वांत कमी वर्दळीच्या पोर्टलवर जातो, दोन दिवसांनी बाकीच्यांवर. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात बेस थीमची आवृत्ती काढत नाही. सुट्टीत दोष सापडला तर निस्तरायला माणसं नसतात.

कुठलं टेम्प्लेट लागतंय ते शोधायला ट्विग डीबग चालू करा. 10.1 पासून ते डेव्हलपमेंट सेटिंग्जच्या पानावरच्या चौकोनात एक टिक करून होतं, फाइल बदलावी लागत नाही. पानाच्या सोर्समध्ये संभाव्य नावांची यादी येते आणि निवडलेल्या नावापुढे खूण असते. लाइव्ह सर्व्हरवर ते चालू राहू देऊ नका. पान जड होतं आणि थीमची आतली रचना बाहेर दिसते.

कंपोनंट काढून टाकणं हे बनवण्यापेक्षा कठीण काम आहे. वायएमएलमध्ये 'स्टेटस' ही किल्ली आहे, तिथे आधी 'डेप्रिकेटेड' लिहा. मग अकराही सब-थीममध्ये त्याचं नाव शोधा: इन्क्लूड, एम्बेड आणि 'रिप्लेसेस', तिन्ही. एक पूर्ण आवृत्ती थांबा, आणि मगच फोल्डर हटवा. ट्विगला कंपोनंट सापडला नाही तर नुसता तेवढा चौकोन रिकामा राहत नाही, संपूर्ण पानावर एरर येतो. निविदेच्या शेवटच्या दिवशी असं पान कुणाच्याही वाट्याला यायला नको.